हरिपूरचं पेव, ब्लॉकमध्ये

३० एप्रिल २०२५, अक्षय्य तृतीया

नोंदी आजपासून. खेळातलं गेल्या वेळचं शेत कुणी तुडवलं यावरून आतेभावाची आणि माझी आठवडाभर बोलचाल बंद होती. आता जे होईल ते लिहिलेलं असेल.

सर्व्हर पुण्यात, आतेभावाच्या जुन्या कॉम्प्युटरवर. खेळ माइनक्राफ्ट, ठोकळ्यांचं (ब्लॉकांचं) जग बांधायचा; कॉम्प्युटरवरचा जावा प्रकार, आवृत्ती १.२१.५. सर्व्हायव्हल, म्हणजे फुकट काही नाही; माती लागली तर खणायची, लाकूड लागलं तर तोडायचं. खेळणारे चौघं: मी सांगलीत, आतेभाऊ आणि वहिनी पुण्यात, आणि सुट्टीला आमच्याकडे आलेला भाचा, वय अकरा. तो दिवसभर आत असतो, आम्ही रात्री. नदीकाठचा तुकडा माझ्या वाट्याला आला. काम एकच, शेत सजवायचं. पावसाळा लागायच्या आत.

आज पहिले चार वाफे काढले. नऊ बाय नऊचा चौकोन, मधोमध एक ब्लॉक पाणी. पाण्यापासून चार ब्लॉकांपर्यंतची माती ओली राहते म्हणून हे माप. एका बादलीवर ऐंशी ब्लॉक गहू. कडेनं कुंपण, कोपऱ्यांत कंदील. बिस्किटाच्या पुड्यावर छापतात तसलं शेत दिसायला लागलं आणि मी खूश.

जेवणं झाल्यावर आण्णा (माझे आजोबा) खुर्चीच्या मागं येऊन उभे राहिले. कपाळावरचा चष्मा खाली घेतला.

"ह्यात पाणी कुठनं आलं?"

"मधी ओतलंय, आण्णा."

"ओतलंय व्हय. आन् बैल कुठं वळायचा?"

"बैल नाहीत."

"मग बरंय," म्हणाले आणि बातम्यांकडे गेले. आजचा मुहूर्त हळद लावायचा, एवढं जाता जाता ऐकवलं. या खेळात हळद नाही. गहू, बटाटा, गाजर, बीट, भोपळा, कलिंगड, ऊस. सांगलीच्या माणसानं काय करावं?

२ मे

चारही वाफे मोडले. आण्णांचा प्रश्न दोन दिवस डोक्यातनं जाईना. शेत बघणारा माणूस आधी पाणी बघतो, फुलं नंतर. ते चित्रातलं शेत खोटं वाटत होतं ते तेवढ्यासाठीच. पाण्याला वाटच नव्हती.

आता पाट. खेळातलं पाणी सपाट जमिनीवर सात ब्लॉक वाहतं आणि मरतं. पुढं न्यायचं तर दर सात ब्लॉकांना जमीन एक ब्लॉक खाली उतरवायची. खाली पडलं की पाणी परत ताजं होऊन सात ब्लॉक पळतं. म्हणजे उतार काढणं आलं. मी आख्खी संध्याकाळ फावडं घेऊन शेताला पायऱ्या पाडत होते. आण्णांना दाखवलं.

"असं. आता दारं धरता येतंय."

भाच्यानं विचारलं दार कुठंय. आण्णांनी त्याला पाटाची दारं सांगितली: सरी भरली की मातीनं तोंड बांधायचं, पुढच्या सरीचं फोडायचं, रात्री बॅटरी घेऊन अनवाणी. भाच्यानं लगेच प्रत्येक सरीच्या तोंडाशी लाकडी ट्रॅपडोअर (आडवी झडप) बसवून त्यातच पाणी ओतलं. उघडलं की पाणी खाली सरीत, बंद केलं की थांबलं. हे मला सुचलं नव्हतं. श्रेय त्याचं.

४ मे

विहीर, थारोळं (मोटेचं पाणी पडतं ते टाकं), धाव. नदीचं पाणी वर चढवायचा सरळ मार्ग खेळात नाही आणि उपशाची मोटर मला दाखवायची नव्हती, म्हणून बैलांनी ओढायची मोट. ती चालत नाही, नुसती लटकते: साखळीला टांगलेली कढई. पाणी खरं तर थारोळ्यात बादलीनं ओतलेलं आहे आणि तिथनं पाटाला लागतं. बैलांची धाव मातीच्या पायवाटेची, विहिरीपासून उतरती. वहिनी सव्हानातनं दोन गाई हाकत घेऊन आली, उष्ण भागातल्या, तांबूस. खिलार कुठनं मिळणार?

थारोळ्याचा कट्टा आणि गुऱ्हाळाच्या भिंती चिखलाच्या विटांच्या. मातीवर बाटलीभर पाणी ओतलं की चिखल होतो, चिखलात गहू मिसळला की मळलेली माती, तिच्या चार ठोकळ्यांच्या चार विटा. गहू कशाला, असं भाचा म्हणायला लागला. आण्णा टीव्हीकडं तोंड ठेवूनच म्हणाले, "भुसकाट घातल्याबिगर भिंत उभी ऱ्हाती व्हय?" हा खेळ बनवणाऱ्या स्वीडनच्या कंपनीत कुणीतरी असली भिंत लिंपलेली दिसतेय.

६ मे

उसाच्या चौदा सऱ्या. ऊस पाण्याला लागूनच लागतो, तीन ब्लॉक उंच होतो, पुढं वाढत नाही. बोनमील (हाडांचं खत) टाकलं तरी जावात उसाला काही होत नाही. वाट बघायची. आडसाली उसाच्या सोळा-अठरा महिन्यांपेक्षा बरं.

७ मे

पाचट (उसाचा वाळला पाला) सापडलं! या आवृत्तीत पालापाचोळा हा नवा प्रकार आलाय. झाडाची पानं भट्टीत टाकली की मिळतो, जमिनीवर चपटा पसरतो, एका ब्लॉकवर चार तुकड्यांपर्यंत. सऱ्यांच्या मधल्या पट्ट्यात अंथरला आणि फड एकदम खरा दिसायला लागला. आतेभावानं फोन करून सांगितलं की लांबनं बघून त्याला कराडच्या अलीकडचा हायवे आठवला. नोंदींत कौतुक लिहायचं नाही असा नियम करायला हवा, पण आजचं राहू दे.

११ मे

पेवाचा, म्हणजे जमिनीखालच्या हळदीच्या कोठाराचा, विषय आज निघाला.

पिवळ्या रंगाचं काहीतरी शेतात हवं म्हणून मी हळदीचा ढीग करून बघत होते. पिवळी काँक्रीट पावडर या कामाला फार चांगली: मऊ, दाणेदार आणि वाळूसारखी खाली पडते. चार वाळू, चार खडी आणि एक पिवळा रंग, यातनं आठ ठोकळे. रंग सूर्यफुलाचा, एका फुलात दोन.

आण्णांनी विचारलं, "हळद उघड्यावर ठेवणार?"

मग टीव्ही बंद झाला. आमचं मूळ घर हरिपूरचं, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ. तिथली जमीन अशी की खणलेला खड्डा ढासळत नाही आणि ओलही धरत नाही. त्यात जमिनीखाली पेवं. वरनं बघितलं तर नुसतं तोंड, माणूस उतरेल एवढं, तीनेक फूट. खाली मान अरुंद, मग पोट सुटलेलं, रांजणासारखं. आत हळद भरायची, तोंडावर फरशी ठेवून माती लिंपायची. वर्षानुवर्षं कीड लागत नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ती याच पेवांतनं पेठेत यायची. आण्णा विशीत असताना पेवात उतरायचे. मला हे आज कळलं. माहीत होतं ते एवढंच, की आण्णांना लिफ्ट आवडत नाही.

"तोंड उघडलं की लगी उतरायचं न्हाई. वारं जाऊ द्यायचं. मग कंदील सोडायचा दोरीनं. कंदील विझला की आपुन बी विझनार."

एक ब्लॉक म्हणजे एक मीटर. तीन फुटांचं तोंड म्हणजे जवळपास एक ब्लॉक. हे पेव खऱ्या मापात बसतंय.

१२ मे

पहिलं पेव खणलं. तोंड एक ब्लॉक, मान दोन ब्लॉक खोल, मग तीन बाय तीनचा एक थर, मग पाच बाय पाचचे चार, तळाशी परत तीन बाय तीन. एकूण खोली आठ, म्हणजे सव्वीस फूट. आण्णांनी आकार तपासला. पोट जरा गोल पाहिजे म्हणाले. ब्लॉकमध्ये गोल म्हणजे कोपऱ्यांत उलट्या पायऱ्या बसवून डोळ्याला फसवायचं. तेवढं केलं.

आत ९६ ठोकळे हळद. बारा रंग, सहा सूर्यफुलं, ४८ वाळू, ४८ खडी. वाळू भाच्यानं नदीतनं काढली. "परवाना हाय काय?" आण्णा.

१५ मे

दुसरं आणि तिसरं पेव. तिसरं पाटाच्या अगदी कडेला, दोन ब्लॉकांवर, कारण तिथनं तिन्ही तोंडं एका ओळीत दिसतात. आतेभाऊ म्हणाला जवळ होतंय. मी म्हटलं, दिसतं छान.

कंदिलावरून वाद. खेळात पूर्ण अंधार असेल तिथं राक्षस तयार होतात, त्यामुळे बंद जागेत दिवा ठेवावा लागतो. पण पेवात पेटता दिवा कोण ठेवतं? मला आत काळोख हवा होता. तोंडाची फरशी उचलली की खाली काहीच दिसू नये, डोकावून बघावं लागावं. म्हणून तिन्ही पेवं दिव्याविना बंद केली. सजावटीचा निर्णय, माझा.

१७ मे

भाच्यानं नदीकाठी खांब उभा करून सांगलीत कृष्णेवरच्या इर्विन पुलावर पुराच्या असतात तशा खुणा केल्या: ४० वर इशारा, ४५ वर धोका. फूट म्हणजे ब्लॉक नव्हे हे त्याला मान्य नाही. खांब नदीपेक्षा उंच झालाय. मी पाटीवर पुलाचं वर्ष लिहायला लावलं, १९२९.

आण्णांनी विचारलं पाणी किती चढतं. सांगितलं, चढत नाही, खेळातली नदी आहे तेवढीच राहते, पाऊस पडला तरी.

"मग कसली नदी ही."

१८ मे

फुटलं.

'पेव फुटणं' हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो, क्लासचं पेव फुटलं, गल्लोगल्ली अमृततुल्यांचं पेव फुटलं. आज खरोखरचं फुटलं. रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी मी उसाकडून परत आले, वहिनीला दाखवायला म्हणून तिसऱ्या पेवाची फरशी उचलली आणि शिडीवरनं खाली उतरायला लागले. अर्ध्यात आले तोवर खालनं फुस्स असा आवाज. ज्यांनी हा खेळ खेळलाय त्यांना पुढचं सांगायला नको. अंधारात क्रीपर (जवळ गेलं की फुटणारा राक्षस) तयार होऊन बसला होता, हळदीच्या ढिगावर, तासभर माझी वाट बघत.

मी मेले ते सोडा. स्फोटानं पेवाची पाटाकडची कूस गेली आणि पाट आत घुसला. काँक्रीट पावडरचा गुण असा की पाणी लागलं त्या क्षणी तिचा दगड होतो. मी परत जिवंत होऊन धावत आले तोवर पेवात सगळीकडं पाणी आणि खाली पिवळा, गुळगुळीत, चकाकता दगड.

वरचं ट्रॅपडोअर भाच्यानं बंद केलं म्हणून बाकीची दोन वाचली. तेवढ्या गडबडीत दारं धरायचं त्यालाच सुचलं.

१९ मे

मोजदाद. पाणी काढलं (वाळूनं भरून, मग वाळू उपसून; दोन तास). ९६ पैकी स्फोटात गेले १४, दगड झाले २९. उरलेले ५३ जसेच्या तसे. कारण पाणी लागतं ते बाहेरच्या अंगालाच. वरचा थर दगड होतो आणि खालच्यावर झाकण बसतं. कुदळीनं एक दगड फोडला तर खाली पावडर, कोरडी.

आण्णांना दाखवलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, आमचं आतलं काय राहिलं नव्हतं.

२००५ ची गोष्ट. मी तेव्हा पाचवीत, मला आठवतं ते शाळेला सुट्टी आणि गच्चीवरनं दिसणारं पाणी. इर्विन पुलापाशी पाणी ५३ फुटांच्या वर गेलं होतं. हरिपुरात पाणी पेवांच्या तोंडातनं आत उतरलं. पूर ओसरल्यावर तोंडं उघडली तेव्हा, आण्णा म्हणाले, वास आधी आला. आंबूस, गरम, तोंडावर फडकं बांधून सुद्धा घशात बसणारा. हळद फुगून पोटाच्या भिंतींना चिकटली होती. घमेल्यानं काढताना हाताला लगदा लागायचा, आणि हातांचा पिवळा महिनाभर गेला नाही. आमचं त्यात काही फार नव्हतं, चुलत्यांच्या पेवात वीसेक पोती. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं, पण तोवर आमच्या घरातलं कुणी पेवात काही ठेवतच नव्हतं.

"तुझं बरं हाय. तुला वरनं फोडून खालचं घावतंय."

मग मला म्हणाले, कंदील सोडला होतास काय? म्हटलं, नाही. "सांगितलं होतं की."

सांगितलं होतं. मी ते गोष्ट म्हणून ऐकलं.

२२ मे

वळीव म्हणावा तर चार दिवस थांबायला तयार नाही. वीज सहा वेळा गेली. काम शून्य.

२३ मे

वीज आली, पुण्यात गेली. शून्य.

२५ मे

तिसऱ्या पेवाचं काय करायचं यावर फोनवर बैठक. आतेभावाचं मत: सगळे दगड फोडून नवीन भरायचं. वहिनीचं: बुजवायचं आणि वर झाड लावायचं. भाच्याचं: क्रीपरला पकडून आत ठेवायचं. मी तसंच ठेवायचं ठरवलं. दगडाचा थर आहे तिथं आहे. मधोमध एकच ठोकळा फोडलाय, डोकावलं तर खाली कोरडी हळद दिसते. फुटलेली कूस चिखलाच्या विटांनी बांधून काढली, नव्या-जुन्याचा सांधा मुद्दाम दिसू दिलाय. पाट पाच ब्लॉक पलीकडं वळवला. तिन्ही तोंडं आता एका ओळीत दिसत नाहीत. न दिसू देत.

तिन्ही पेवांत कंदील. पण आत ठेवलेला नव्हे. तोंडावर आडवं लाकूड, त्याला साखळी, साखळीला कंदील, पोटापर्यंत सोडलेला. काळोखाची मजा गेली असं वाटलं होतं. उलट झालं. फरशी उचलली की आधी साखळी दिसते, मग खूप खाली पिवळ्या उजेडात पिवळी हळद. भाचा कंदील सोडताना साखळीचे ब्लॉक मोठ्यानं मोजतो.

२८ मे

गुऱ्हाळ. चुलवाणात कॅम्पफायर, त्याच्या खाली गवताची गासडी, चिपाडं म्हणून. नुसत्या कॅम्पफायरचा धूर दहा ब्लॉकांवर विरतो. खाली गासडी असली की चोवीसपर्यंत चढतो. म्हणजे चिपाडाशिवाय गुऱ्हाळ पेटत नाही हे खेळालाही ठाऊक आहे. काहिलीत मधाचे ठोकळे, उकळत्या रसासारखे अर्धपारदर्शक. धूर नदीपलीकडनं दिसतो.

काहिलीभोवती उभं राहून भाच्यानं विचारलं, काकवी कुठं मिळते. खऱ्यातली. रविवारी आणायची आहे, विसरू नये.

३० मे

धावेच्या कडेनं काजव्यांची झुडपं, अकरा. रात्र पडली की त्यांच्यावर ठिपके लुकलुकतात. जास्त लावली नाहीत. काजवे मोजून संपले पाहिजेत, नाहीतर लग्नाची रोषणाई होते. वहिनीनं परस्पर अजून वीस लावली होती. काढली. बोलचाल चालू आहे.

१ जून

सगळ्यांना एकदम दाखवायचा दिवस. रात्री साडेआठ, चौघं आत, आण्णा माझ्या खुर्चीत, मी शेजारी स्टुलावर. नदीकडनं सुरुवात: खुणेचा खांब, विहीर, थारोळं, पाट, सऱ्या, फड, गुऱ्हाळ, पेवं. आण्णांनी दोनच ठिकाणी थांबवलं. एकदा थारोळ्याशी, पाणी पाटाला कुठं लागतं ते बघायला. आणि तिसऱ्या पेवाशी. तिथं त्यांनी विचारलं, मी उतरू काय?

माउस त्यांच्या हातात दिला. भाच्यानं आधी कंदील सोडला, साखळी मोजत. आण्णा शिडीवरनं खाली गेले, चार-पाच वेळा भिंतीकडं बघत फिरले, नव्या विटांपाशी थांबले, वर आले. काही बोलले नाहीत. वर आल्यावर मात्र त्यांना बाहेर कसं पडायचं ते कळेना. मी म्हटलं, लांब बटण दाबा, उडी मारता येते.

उड्या मारतच गव्हात शिरले. नांगरलेल्या मातीवर उडी मारली की तिची साधी माती होते आणि पीक उपटून पडतं. सात ब्लॉक गहू गेला, आतेभाऊ पुण्याहून ओरडतोय, आण्णा म्हणतायत हे थांबवायचं कसं.

नोंद राहावी: १ जून, रात्री नऊ वाजून पाच मिनिटं, पाटालगतचा पहिला वाफा. आण्णांनी तुडवला. भाच्यानं नव्हे, मीही नव्हे.